पाण्यातली बातमी



पत्रिकेत आमच्या नावापुढे 'कामगार संघटक' असे आणि त्याखाली 'खेकडे, शेवंड आणि पाण्यातील गंधभाषा' असे छापलेले पाहून काही जणांना हा छापखान्याचा घोटाळा वाटला असेल. तसे नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली या शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वक्त्याने आपल्या धंद्याबाहेर पाऊल टाकलेले पुणेकर चालवून घेतात. त्यांची अट एवढीच की त्याने अभ्यास करून यावे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. प्राणिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु कोण कोणाला काय कळवतो, कळवायचे नसतानाही काय कळून जाते, आणि कळणेच बंद पडले म्हणजे काय होते, हा ज्या विषयाचा गाभा आहे तो विषय संघटना बांधणाऱ्या माणसाला परका कसा असेल?

मावळातल्या मुलांना खेकडा पकडण्याची एक जुनी रीत ठाऊक असते. काठीला कोंबडीचे आतडे बांधायचे आणि ओढ्यातल्या दगडाच्या फटीपाशी ते पाण्यात धरून बसायचे. अंधार असो, पाणी गढूळ असो, थोड्याच वेळात खेकडा फटीतून बाहेर येतो. त्याने आतडे पाहिलेले नसते. त्याच्यापर्यंत पोचलेला असतो तो त्याचा वास. खेकड्याच्या डोळ्यांजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात. त्यांतली लहान जोडी तो सारखी झटकत असतो. आपण नाकाने हुंगतो तसे हे त्याचे हुंगणे. त्या मिशांवर बारीक केसांची दाटी असते, आणि पाण्यात विरघळलेले द्रव्य त्या केसांत शिरले की खेकड्याला बातमी लागते.

हवेतला वास आणि पाण्यातला वास यांत एक मोठा फरक आहे. हवेत वास यायचा तर द्रव्य उडून जाणारे हवे. म्हणून अत्तराचा वास येतो, मिठाचा येत नाही. पाण्यात मात्र जे जे विरघळते ते ते वासाच्या कामी येते. क्षार, आम्ले, प्रथिनांचे तुकडे, पित्तातली द्रव्ये, मूत्र, सारे काही. त्यामुळे पाण्यातला प्रत्येक जीव जिवंत आहे तोवर स्वतःविषयीची बातमी सतत बाहेर सोडत असतो. ती लपवण्याची सोय त्याच्यापाशी नाही. दार नसलेल्या चाळीत राहावे तसे हे राहणे आहे.

मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माशांवरचे त्यांचे काम तितकेसे प्रसिद्ध नाही. मिनो नावाच्या लहान माशांवर ते प्रयोग करीत होते. एक जखमी मासा पुन्हा टाकीत सोडला, तेव्हा बाकीचे मासे एकदम दचकले आणि एकत्र गोळा होऊन दूर पळाले. १९३८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. माशाच्या कातडीत एक द्रव्य असते आणि कातडी फाटली की ते पाण्यात मिसळते. फ्रिश यांनी त्याला जर्मन भाषेत 'भीतिद्रव्य' अशा अर्थाचे नाव दिले.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. त्या जखमी माशाने कोणाला हाक मारलेली नाही. ते द्रव्य त्याला स्वतःच्या इच्छेने सोडताच येत नाही. त्यासाठी कातडी फाटावी लागते. म्हणजे सांगणारा कोणी नाही, वाचणारे मात्र आहेत. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच समजेल. अपघात झाला की भोंगा वाजतो, पण भोंग्याच्या आधीच शेडमधल्या सगळ्या माना वर झालेल्या असतात. कारण एक यंत्र अवेळी थांबलेले असते. ते कोणी इशारा म्हणून थांबवलेले नसते. तरी त्या थांबण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. शास्त्रज्ञ या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एक, मुद्दाम दिलेला संकेत. दुसरी, नकळत सुटलेली खूण. एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये निरोपाचे काम करणाऱ्या द्रव्याला १९५९ साली कार्लसन आणि ल्यूशर यांनी 'फेरोमोन' हा शब्द बनवला, आणि तो आता सर्वतोमुखी झाला आहे. पण पाण्यातले बरेचसे व्यवहार नकळत सुटलेल्या खुणांवरच चालतात, असे आमचे वाचन सांगते.

हे सगळे युरोपातच घडते असे नाही. आपल्या गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ग्रामपुरोहित यांच्या प्रयोगशाळेने सह्याद्रीतल्या बेडकांच्या पिल्लांवर, म्हणजे बेडूकमाशांवर, या विषयाचे काम केले आहे. बटब्याल, गोसावी आणि ग्रामपुरोहित यांचा एक निबंध २०१४ साली बंगळूरहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस'मध्ये आला. इंग्रजीत ज्याला 'ब्राँझ्ड फ्रॉग' म्हणतात त्या बेडकाची ही पिल्ले. ज्यांनी भक्षक कधीच अनुभवला नाही अशा पिल्लांच्या पाण्यात भक्षकाचा केवळ वास सोडला, तरी ती हालचाल कमी करून गप्प राहिली. ही ओळख उपजत. पण आपल्याच जातीच्या जखमी पिल्लाचा वास सोडला, तर अननुभवी पिल्ले त्याला धोका मानीनात! भक्षकाचा वास आणि जातभाईच्या जखमेचा वास हे दोन्ही काही वेळा बरोबर मिळाल्यावर मग नुसत्या जखमेच्या वासानेही ती सावध होऊ लागली. म्हणजे ही दुसरी ओळख शिकलेली.

हा निबंध वाचताना आम्ही पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसलो. नवा पोरगा कारखान्यात येतो तेव्हा मुकादमाला तो पहिल्या दिवसापासून घाबरतो. ते त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण शेजारच्या प्रेसवर कोणाचे बोट गेले तर ते उद्या आपलेही जाऊ शकते, हे कळायला त्याला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. संघटनेचे निम्मे काम एवढे एकच शिकवण्यात जाते. असो. बेडकांची पिल्ले संघटना काढीत नाहीत, तेव्हा उपमा फार ताणण्यात अर्थ नाही.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर, शानभाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धर्तीचे काम बरीच वर्षे केले. पावसाळ्यात अंगणात येणारा खरबरीत पाठीचा भेक आपण सारे ओळखतो. त्याची काळी पिल्ले डबक्यात पुंजक्याने फिरतात. या पिल्लांना आपली सख्खी भावंडे आणि परकी पिल्ले यांतला फरक कळतो आणि ती भावंडांजवळ राहणे पसंत करतात, असे त्यांना आढळले. २००९ च्या त्यांच्या निबंधाप्रमाणे ही ओळख डोळ्यांनी होत नाही, पाण्यातून येणाऱ्या वासाने होते. पुढच्या पावसात डबक्यातला तो काळा पुंजका दिसला तर तो सहज जमलेला जमाव असेलच असे समजू नका. पुष्कळदा ते घरचेच मंडळ असते.

आता कवचधारी प्राण्यांकडे वळू. त्यांत खेकडे आणि कोळंबी येतात तशीच पाणपिसू येते. माशांची हौस असणाऱ्यांना ती ठाऊक आहे. माशांना खाऊ म्हणून डबक्यातून गाळून आणतात तो मोहरीपेक्षाही लहान, उड्या मारीत पोहणारा जीव. तिला खाणारी एका प्रकारच्या चिलटाची अळी त्याच पाण्यात असली, तर पाणपिसूच्या काही जातींच्या मानेवर काटे उगवतात, म्हणजे ती गिळायला अवघड होते. अळी नसेल तर काटे नाहीत. नुसत्या वासावर शरीराचा आकार बदलतो! हा वास कशाचा, हे कोडे बरीच वर्षे होते. २०१८ साली जर्मनीतील संशोधकांनी ते सोडवले. अळीच्या पोटात अन्न पचताना जी द्रव्ये तयार होतात, ग्लुटामिनशी जोडलेली स्निग्धाम्ले, तीच हा वास. पुढच्याच वर्षी आणखी एक शोध लागला. माशांच्या पित्तातल्या एका द्रव्यावरून पाणपिसवा मासा जवळ आहे हे ओळखतात आणि दिवसा खोल, काळोख्या पाण्यात उतरतात.

यातली मेख लक्षात घ्यावी. खाणाऱ्याला हा वास बंद करता येत नाही, कारण तो त्याच्या पचनाचा वास आहे. खायचे तर पचवायला हवे, आणि पचवले की वास सुटला. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ताळेबंद लपवता येत नाही म्हणा की!"

आणि आता मूत्र. सभेत हा शब्द उच्चारायला संकोच वाटतो, पण शेवंडांच्या राज्यात तोच दरबारी कागद आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याला मोठ्या नांग्यांचा लॉब्स्टर होतो. त्याच्या मूत्राशयाची दारे डोक्याशी, मिशांच्या मुळाशी असतात. कल्ल्यांतून येणाऱ्या पाण्याच्या झोतावर तो ते मूत्र समोरच्याच्या तोंडावर फेकतो. दोन लॉब्स्टर समोरासमोर आले की लढाई होते, एक जिंकतो, एक माघार घेतो. दुसऱ्या दिवशी तीच जोडी पुन्हा सोडली, तर हरलेला लढतच नाही, बाजूला सरतो. त्याने कालच्या विजेत्याला ओळखलेले असते. कसे, हे कॅराव्हॅनिच आणि अटेमा यांनी १९९८ साली दाखवले. लॉब्स्टरचे मूत्र नळीवाटे बाहेर काढून घेतले, ते समोरच्यापर्यंत पोचूच दिले नाही, तर दुसऱ्या दिवशीची लढाई पहिल्या दिवसाइतकीच जोरात झाली. म्हणजे ओळख चेहऱ्यावर नाही, वासावर. ती आठवडाभर टिकते.

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला त्याचा धाकटा चुलता. आपल्याकडच्या नद्यांत तो मुळात नाही. २००२ साली ब्राइटहाउप्ट आणि एगर यांनी डोळे झाकलेल्या क्रेफिशांच्या अंगात चमकणारा रंग घातला, म्हणजे मूत्र सुटले की ते पाण्यात दिसावे. लढताना, विशेषतः चढाई करताना, ते जास्त सुटत होते असे दिसले. शिवाय नांगी उगारण्याबरोबर मूत्र आले तर ती धमकी समोरच्याला पटते, नुसत्या उगारलेल्या नांगीला तो फारसा जुमानत नाही.

या लॉब्स्टरला अलीकडे भलतेच राजकीय महत्त्व आले आहे. जॉर्डन पीटरसन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात त्याचा दाखला दिला. वरचा आणि खालचा ही उतरंड समाजाने किंवा भांडवलशाहीने निर्माण केलेली नाही, ती कोट्यवधी वर्षे जुनी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. एका वाटाघाटीच्या टेबलावर एका तरुण व्यवस्थापकाने हा दाखला आमच्या तोंडावर टाकला, तेव्हा आम्ही लॉब्स्टरविषयी वाचायला बसलो. त्याचे आम्ही आभारच मानतो.

आमचे उत्तर असे. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव ज्याला शेवंड म्हणतात तो वेगळ्या कुळातला आहे. त्याला मोठ्या नांग्या नाहीत. काटेरी लांब मिशा आहेत. या कुळातल्या पुष्कळ जाती दिवसा एका कपारीत अनेक मिळून राहतात. कॅलिफोर्नियाच्या जातीवर १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ज्या कपारीतून जातभाईंचा वास येतो तिच्याकडे शेवंड ओढले जातात. कॅरिबियन समुद्रातल्या जातीत ही ओढ मूत्रातल्या द्रव्यांनी उत्पन्न होते असे पुढे आढळले, आणि त्याच जातीत आपसांतल्या चढाओढीतही मूत्रच वापरले जाते. म्हणजे ज्या द्रवाने अमेरिकन लॉब्स्टर शेजाऱ्याला हाकलतो त्याच द्रवाने हा शेवंड शेजाऱ्याला घर दाखवतो, आणि प्रसंगी दमही देतो. तेव्हा निसर्गाचा दाखला द्यायचा तर कोणत्या शेवंडाचा द्यायचा, ते दाखला देणाऱ्याच्या पगारावर ठरते! शेवंड समाजवादी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. त्याच कॅरिबियन शेवंडांत एक विषाणूचा रोग येतो. २००६ साली बेरिंजर, बटलर आणि शील्ड्स यांनी 'नेचर'मध्ये लिहिले, की निरोगी शेवंड रोगी शेवंडाशेजारी कपारीत राहायचे टाळतात, आणि तेही त्याला रोगाची बाहेरून खूण दिसण्यापूर्वीच. यातून माणसाने काय घ्यावे? आमच्या मते काही घेऊ नये. माणसाने रोग्याची शुश्रूषा केली, इस्पितळे बांधली, आजारपणाची पगारी रजा भांडून मिळवली. ती शेवंडाला विचारून मिळवलेली नाही.

ज्यांना पुण्यात भाड्याची खोली शोधावी लागली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. कोकणच्या पुळणीवर शंखात राहणारे खेकडे असतात. त्यांचे पोट मऊ असते, म्हणून ते मेलेल्या गोगलगाईचा शंख पाठीवर घर म्हणून वागवतात. अंग वाढले की मोठा शंख हवा. समुद्रात एखादी गोगलगाय मारली गेली, की तिच्या मांसाच्या वासाने असे खेकडे तेथे जमतात. खायला जमतात असे वाटेल. पण पुष्कळसे येतात ते खोली रिकामी झाल्याचे कळले म्हणून. एकाने मोठा शंख घेतला की त्याचा सोडलेला शंख दुसरा घेतो, त्याचा तिसरा. अनामत रक्कम नाही, दलाल नाही.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले त्या मुद्द्याकडे येतो.

पाण्यात काही मिसळले आणि मासे उताणे होऊन तरंगले, तर ती बातमी वर्तमानपत्रात येते, पंचनामा होतो, नोटीस निघते. पण मासा मरणार नाही इतकेच विष असेल तर? तो पोहतो, खातो, वरून पाहणाऱ्याला ठणठणीत दिसतो. त्याला फक्त वास येत नाही. आम्ही याला बहिरेपण म्हणतो, कारण प्रेसशॉपमध्ये आम्ही ते पाहिले आहे. वीस वर्षे ठोक्यांच्या आवाजात काढलेला कामगार हजेरीपटावर धडधाकट असतो. मात्र मागून येणाऱ्या ट्रॉलीचा आवाज त्याला ऐकू येत नाही. अपघाताच्या नोंदीत कारण लिहिले जाते: निष्काळजीपणा.

पाण्यातल्या बहिरेपणाचे पुरावे आता बरेच आहेत. मेक्सिकोतल्या ओढ्यांत तलवारशेपट्या म्हणतात तसा एक मासा आहे. त्याची मादी आपल्या जातीचा नर वासावरून निवडते. सांडपाण्याने आणि शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याने ह्यूमिक आम्लाचे प्रमाण वाढते, आणि तशा पाण्यात ठेवलेल्या माद्यांना आपल्या जातीचा आणि परजातीचा नर यांतला फरक कळेनासा झाला, असे फिशर, वाँग आणि रोझेन्थाल यांनी २००६ साली दाखवले. एकही मासा मेला नाही; पुढची पिढी मात्र कोणाची, हाच प्रश्न उभा राहिला.

दुसरा पुरावा तांब्याचा, आणि तो आम्हाला अधिक लागू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो नावाचा सामन मासा असतो. त्याची पिल्ले जखमी जातभाईच्या कातडीचा वास आला की स्तब्ध होतात. मघाशी सांगितलेले फ्रिश यांचे भीतिद्रव्य ते हेच. २००७ साली सँडाल आणि सहकाऱ्यांनी ही पिल्ले फक्त तीन तास तांबेमिश्रित पाण्यात ठेवली. लिटरमागे दोन मायक्रोग्रॅम तांबे असतानाही त्यांची ही प्रतिक्रिया बिघडली. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे किती? पुण्यातल्या कोणत्याही नव्या सोसायटीत राहणाऱ्याला कळेल असा हिशेब सांगतो. दहा हजार लिटरचे शंभर टँकर घ्या आणि त्या सगळ्यांत मिळून दोन ग्रॅम तांबे विरघळवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आय. एस. १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास मायक्रोग्रॅम आहे. माणसाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आपण तर रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी पुण्यकारक म्हणून पितो. पण माणसासाठी निर्मळ ठरलेले पाणी माशाला बहिरे करणारे असू शकते, हे या दोन आकड्यांतले अंतर सांगते. पाणी कठीण असेल, त्यात सेंद्रिय द्रव्य असेल, तर तांब्याचा जोर कमी होतो, हेही सांगितले पाहिजे. क्रेफिशवरही तांब्याचे प्रयोग झाले आहेत. २०१५ साली लाहमन, ट्रेंट आणि मूर यांनी दाखवले, की न मारणाऱ्या प्रमाणातले तांबेही त्याची वासावरून अन्नाचा माग काढण्याची शक्ती बिघडवते.

हे तांबे येते कोठून? एक मोठा उगम म्हणजे मोटारींचे ब्रेक. ब्रेक लावला की पॅडची पूड रस्त्यावर पडते, पावसाने गटारात जाते, गटारातून नदीत. २०१० साली वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी ब्रेक पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. ब्रेकचे कारखाने त्यामुळे बंद पडले नाहीत, मिश्रण बदलले. 'पर्यावरण म्हणाल तर रोजगार जाईल' हे वाक्य ज्यांना रोज ऐकावे लागते त्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावे.

आपल्याकडे पाहू. मुठा खडकवासल्याहून शहरात येते, दापोडीला पवना मुळेला मिळते, संगमावर मुळा आणि मुठा एक होतात, आणि ते सारे पाणी पुढे भीमेतून उजनीत जाते. ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली होती. २००३ साली वाघ आणि घाटे यांनी, आणि त्याच वर्षी खरात, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी इथल्या माशांची पुन्हा नोंद केली, तेव्हा जुन्या यादीतल्या कित्येक जाती हाती लागल्या नाहीत. त्यांची कारणे अनेक आहेत: बंधारे, सांडपाणी, बाहेरून आणून सोडलेले मासे. त्या जाती वास गेल्यामुळे नाहीशा झाल्या असे आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार मोजणीविषयी आहे. २०१६ च्या जानेवारीत मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाची ९९० कोटी रुपयांची योजना जपानच्या कर्जसाहाय्याने मंजूर झाली. अशा योजनांचे यश मोजले जाते ते पाण्यातला प्राणवायू किती आणि सेंद्रिय घाण किती यांवर. दोन्ही मोजलीच पाहिजेत. पण प्राणवायू पुरेसा आहे म्हणजे कामगार गुदमरून मरणार नाही, एवढेच सिद्ध होते. त्याला ऐकू येते की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

आता अडचणीची गोष्ट सांगतो. धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्यात आमची संघटना होती. नाव सांगत नाही. क्रोमच्या टाकीवर काम करणाऱ्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडते, हे त्या धंद्यातले जुने दुखणे आहे. आमच्या दोन माणसांना ते होते. त्यासाठी टाकीवर वाफ ओढून घेणारे पंखे आम्ही भांडून बसवून घेतले. पण त्याच कारखान्यातले सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र वीज वाचवण्यासाठी रात्रपाळीला बंद ठेवीत, आणि टाकीतले पाणी तसेच नाल्यात जाई. हे सगळ्या कामगारांना ठाऊक होते. सभेत प्रश्न निघाला तेव्हा एक वयस्कर फिटर उठून म्हणाला, "दादा, तुम्ही मंडळाकडे तक्रार कराल, मंडळ कारखान्याला टाळे लावील, मालक दुसरीकडे शेड टाकील, आणि आम्ही कुठं जाऊ? माशांना युनियन आहे का?" सभा हसली, पण त्याचे बोलणे हसण्यासारखे नव्हते. त्याची मुलगी त्या वर्षी बारावीला होती.

आम्ही तक्रार केली नाही. मागणीपत्रकात कलम घातले. शुद्धीकरण यंत्रावर तिन्ही पाळ्यांना एक कायम कामगार नेमावा, त्याची नोंदवही कामगार प्रतिनिधीने दर आठवड्याला पाहावी, आणि यंत्र बंद ठेवण्याचा तोंडी हुकूम पाळण्याचे बंधन त्या कामगारावर नसावे. व्यवस्थापनाने लेखी उत्तर दिले की हा कामगारविषयक प्रश्न नाही. आमचे म्हणणे, ज्या कामाला माणूस लागतो, पाळी लागते आणि पगार लागतो ते काम कामगारविषयक नाही तर काय आहे? चौदा महिने वाटाघाटी चालल्या. दोन पाळ्यांना माणूस मिळाला. तिसऱ्या पाळीचे कलम आजही मागणीपत्रकात आहे आणि दर कराराच्या वेळी ते आम्ही पुन्हा टेबलावर ठेवतो. त्या फिटरच्या प्रश्नाचे पुरे उत्तर आमच्यापाशी नाही, अर्धे आहे. टाळ्याची भीती कामगाराला एकट्याने वाहावी लागते तोवर तो नाल्याकडे पाहणार नाही. म्हणून दंड मालकाला व्हावा आणि बंद काळातला पगार कामगाराला मिळावा, ही मागणी नदीसाठी झगडणाऱ्या मंडळींनी आपल्या निवेदनांत घातली पाहिजे. ती मंडळी सज्जन आहेत, अभ्यासू आहेत. पण त्यांच्या निवेदनात पगार हा शब्द आम्हाला अजून फारसा दिसलेला नाही.

शेवटी शाळामास्तरांना आणि वस्तीतल्या मुलांना एक काम सुचवतो. खर्च जवळजवळ नाही. जून-जुलैत डबक्यात बेडूकमासे मिळतात. दहा-दहा बेडूकमासे दोन काचपात्रांत ठेवावेत. एकात स्वच्छ, क्लोरीन नसलेले पाणी, दुसऱ्यात त्याच पाण्यात थोडे नाल्याचे पाणी मिसळून. नाल्याचे पाणी इतके थोडे, की एकही पिल्लू मरता कामा नये. एक दिवस तसेच राहू द्यावे. मग चतुराची अळी, जी बेडूकमासे खाते, ती ज्या भांड्यात रात्रभर होती त्या भांड्यातले पेलाभर पाणी दोन्ही पात्रांत हळूच ओतावे. अळी घालायची नाही, नुसते पाणी. ओतण्यापूर्वी पाच मिनिटे आणि ओतल्यानंतर पाच मिनिटे किती पिल्ले हलताना दिसली ते दर अर्ध्या मिनिटाला मोजून वहीत लिहावे. पहिल्या पात्रातली पिल्ले गप्प झाली आणि दुसऱ्यातली तशीच बागडत राहिली, तर प्रयोग निदान पाच वेळा पुन्हा करावा, कारण एका वेळेवर विश्वास ठेवू नये आणि बेडकाच्या जातीप्रमाणेही फरक पडतो. नाल्याचे पाणी हाताळताना हातमोजे घालावेत. प्रयोग झाल्यावर पिल्ले जेथून आणली त्याच डबक्यात सोडावीत, आणि वही तारखेसह जपून ठेवावी.